मान खाली घालणारं ऑर्किड बघायला पालच्या जंगलात

दिवस पहिला

सकाळी सहाला निघायचं ठरलं होतं पण रात्रभर पाऊस लागून राहिलेला, त्यामुळे ताई म्हणाली की उजाडू दे नीट मग जा, शेवटी साडेसात वाजले जळगावातून बाहेर पडायला. मी आणि माझा भाचा, तो यंदा बारावीला आहे. त्याला जंगलाची आवड आहे आणि मला सोबत हवी होती. माझं मेडिकलचं दुकान तीन दिवस नवऱ्यावर सोपवून आले होते, जुलैत सर्दी-तापाची गर्दी असते तरी तो जा म्हणाला त्यामुळे जाता आलं.

जायचं कारण सांगते. कॉलेजात आम्हाला बॉटनी शिकवायचे ते सर आता रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, गुडघ्यांमुळे त्यांना जंगलात जाता येत नाही. मागच्या दिवाळीला भेटायला गेले तेव्हा त्यांनी त्यांची जुनी फील्डची वही दाखवली. त्यात एका पानावर पेन्सिलने काढलेलं चित्र होतं, दोन-तीन रुंद पानं आणि शेजारी एक दांडा, छत्रीच्या मुठीसारखा वरून खाली वळलेला आणि त्या वळणाला फुलांचा घोस लटकलेला. खाली लिहिलेलं, जिओडोरम डेन्सिफ्लोरम, पाल, नाल्याकाठी, तीन झाडं. सर म्हणाले त्यानंतर मी कितीदा गेलो पण परत दिसलं नाही ग. ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. तेव्हाच ठरवलं की पाऊस पडला की जायचं, कारण हे झाड उन्हाळाभर जमिनीखाली कंदात झोपलेलं असतं आणि पावसाच्या सुरुवातीलाच फुलतं.

भुसावळ सोडून तापी ओलांडली तेव्हा नदीला गढूळ पाणी होतं. पुढे फैजपूर, जिथे १९३६ साली काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदा शहर सोडून खेड्यात भरलं होतं, भाच्याला हे माहीत नव्हतं म्हणून चहाला थांबलो तेव्हा सांगितलं. सावदा-खिरोदा पट्टा सगळा केळीचा, दोन्ही बाजूंना केळीच्या बागा आणि मधे मधे कापसात निंदणी करणाऱ्या बाया, डोक्यावर प्लास्टिकचे घोंगते. मग अचानक सपाटी संपते आणि समोर सातपुडा उभा राहतो. मी लहानपणापासून बघते आहे तरी दर वेळी तो क्षण मला आवडतो. खालून निळसर एकसारखा दिसणारा डोंगर जवळ गेलं की हिरव्याच्या वीस छटांचा होतो.

घाटात गाडी एकदा बंद पडली, पाणी गेलं होतं कुठेतरी आत. अर्धा तास पावसात उभे राहिलो, मग मागून येणाऱ्या एका ट्रॅक्टरवाल्या भाऊंनी उतरून स्वतः बॉनेट उघडून वायरी पुसून दिल्या आणि पैसे विचारले तर चालते झाले. त्यांचे आभार इथे मानते.

पालला पोचल्यावर जंगलात फिरायच्या परवानगीचं काम उरकलं. पालचं जंगल यावल अभयारण्यात येतं, ते १९६९ साली जाहीर झालं, साधारण १७७ चौरस किलोमीटरचं आहे आणि वरच्या अंगाला मध्य प्रदेशाला टेकलेलं आहे. सोबत एक वनमजूर दादा मिळाले, पावरा समाजातले, पन्नाशीचे, फार कमी बोलणारे. त्यांना सरांच्या वहीतल्या चित्राचा फोटो दाखवला, ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ताई, आईले विचारू."

म्हणून संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. आजी ओट्यावर मक्याची कणसं सोलत बसल्या होत्या. मोबाईल त्यांच्या डोळ्यांपासून लांब धरावा लागला. त्यांनी फोटो बघितला आणि काही न बोलता उजवा हात वर करून मनगटातून खाली वाकवला, बोटं जमिनीकडे लोंबती. मी म्हटलं हो हो, असंच! मग आजींनी तोच हात हळूहळू सरळ केला, बोटं आभाळाकडे. "पोळ्यापर्यंत असं होते," म्हणाल्या. मला तेव्हा अंगावर काटा आला, कारण हे मी फक्त पुस्तकात वाचलेलं, की या ऑर्किडचा दांडा फूल असताना वाकलेला असतो आणि फळ धरलं की तो सरळ उभा होतो. सरांच्या वहीतसुद्धा हा दुसरा भाग नव्हता, कारण त्यांना फळ बघायला मिळालंच नव्हतं.

आजींना विचारलं नाव काय याचं, तर नाव नाही म्हणाल्या. खायचं नाही, विकायचं नाही, मग नाव कशाला असेल.

रात्री शेवभाजी, कळण्याची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. भाच्याला ठेचा झेपला नाही पण भाकऱ्या चार खाल्ल्या.

दिवस दुसरा

सकाळी पाऊस थांबलेला पण झाडं गळत होती. दादा पुढे, मी मधे, भाचा मागे. सरांनी सांगितलेल्या खुणा मी कागदावर लिहून आणल्या होत्या, की बांबू असेल तिथे बघ, नाल्याच्या अगदी काठाला नको तर जरा वर जिथे पाणी साचत नाही पण ओल राहते, सागाची कुजलेली पानं जाड असतील तिथे, आणि पूर्ण सावलीही नको.

पहिल्या तासातच मी ओरडले सापडलं म्हणून. लांब, घड्या पडलेली पानं, जमिनीतून सरळ वर आलेली. खाली बसून बघते तर बुडाशी पिवळं चांदणीसारखं फूल, म्हणजे काळी मुसळी. मन खट्टू झालं पण ही चूक फार जुनी आहे. काळ्या मुसळीचं शास्त्रीय नावच कर्क्युलिगो ऑर्किऑइडिस आहे, ऑर्किऑइडिस म्हणजे ऑर्किडसारखी दिसणारी, गार्टनरने १७८८ साली ठेवलेलं. दोन्हींची पानं नुसती ठेवली समोर तर पटकन ओळखू येत नाहीत. आणि म्हणूनच मला काळजी वाटते, कारण मुसळी औषधासाठी खणून नेतात. माझ्या दुकानात मुसळीच्या पावडरचे डबे असतात, मी स्वतः विकते, आणि इथे ओल्या मातीत ते जिवंत झाड बघताना वाटलं की एका मुसळीसाठी कुदळ मारली तर शेजारी झोपलेला ऑर्किडचा कंद पण जात असेल, खणणाऱ्याला कळणारही नाही. दुकानातल्या डब्यांबद्दल मी अजून विचार करतेच आहे.

दुपारपर्यंत जिओडोरम नाही म्हणजे नाही. पण बाकीचं किती काय दिसलं. एका मोठ्या अंजनाच्या खोडावर व्हँडा टेसेलाटा हे झाडावर वाढणारं ऑर्किड होतं, ज्याला आपल्याकडे रास्ना म्हणतात, जाड पांढरट मुळं खोडाला बिलगलेली आणि काही हवेत लोंबणारी, आणि शेवटची दोन फुलं शिल्लक होती, तपकिरी चौकडीच्या नक्षीची आणि मधली पाकळी जांभळट निळी. अंजन हे आपल्या खान्देशी सातपुड्याचं खास झाड, जोडपानं बारकी, लाकूड इतकं टणक की कुऱ्हाड उडते. दादा म्हणाले हे बांडगूळ आहे, झाडाचं रक्त पितं, लोक काढून टाकतात. मी त्यांना सांगितलं की दादा, बांडगूळ वेगळं, त्याची मुळं झाडाच्या आत घुसतात, हे नुसतं बसलेलं आहे, पाणी पावसाचं आणि दमट हवेचं घेतं, झाडाचं काहीच घेत नाही. त्यांनी जवळ जाऊन एक मूळ बोटाने थोडं उचलून बघितलं, खाली साल जशीच्या तशी होती. "खरं हाये," म्हणाले. आता ते दुसऱ्यांना पण सांगतील असं वाटतं.

गंमत म्हणजे व्हँडा हे नाव आपलंच आहे. संस्कृतमधला वन्दा, झाडावर वाढणाऱ्या झाडाला म्हणायचे तो शब्द विल्यम जोन्स या संस्कृत शिकलेल्या इंग्रज पंडिताने उचलला आणि तोच जगभर गेला. थायलंड-सिंगापूरच्या नर्सऱ्यांमधून लाखांनी विकली जाणारी ती मोठी मोठी निळी-जांभळी फुलं ज्या नावाने विकली जातात ते नाव इथलं आहे हे भाच्याला सांगितलं तर तो दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता.

नाल्याच्या कडेला नर्व्हिलिया या आणखी एका ऑर्किडची पानं पण दिसली, एकेकटं गोल पान जमिनीला चिकटून. याचं फूल आधी येतं आणि ते वाळून गेल्यावर पान उगवतं, म्हणजे एकाच झाडाचं फूल आणि पान एकमेकांना कधी भेटत नाहीत. आम्ही पोचलो तोवर फुलं होऊन गेलेली. दरवर्षी मी या फुलाला आठ-पंधरा दिवसांनी चुकते.

तीन वाजता पाऊस असा आला की समोरचं दिसेना, परत फिरलो. पायाला जळवा नाहीत इथे, ते एक बरं, पण बूट पूर्ण भरले होते पाण्याने. रात्री बूट चुलीजवळ ठेवून वाळवले.

दिवस तिसरा

आज परतायचं होतं, म्हणून पाचलाच उठलो. दादांनी रात्री आजींशी परत बोलून घेतलं होतं आणि सकाळी ते एकदम वेगळ्या बाजूला निघाले. कुठली बाजू ते मी इथे लिहिणार नाही, सुकी नदीला मिळणारे नाले बरेच आहेत त्यातला एक एवढंच. फोटोंमधलं लोकेशन पण मी काढून टाकलं आहे आणि ज्यांना ज्यांना अशी झाडं सापडतात त्यांनी पण काढून टाकावं असं मला मनापासून वाटतं.

एका उतारावर रानडुकरांनी जमीन उकरून ठेवलेली होती, ताजी माती वर आलेली, मी ती बघत होते की यात कंद फुटलेत का आणि तेवढ्यात भाचा अगदी हळू आवाजात म्हणाला, "मावशी, हलू नकोस." मला वाटलं साप. तर त्याने माझ्या डाव्या पायाकडे बोट दाखवलं, पायापासून हातभर अंतरावर बांबूच्या बेटाच्या आडोशाला दोन रुंद, घड्या पडलेली, गडद हिरवी पानं आणि त्यांच्या शेजारी वेगळाच उगवलेला एक दांडा, पानांपेक्षा बुटका, आणि वरून खाली वळलेला. पेन्सिलचं चित्र जिवंत होऊन समोर उभं असावं तसं.

मी तिथेच चिखलात बसले. फुलं एकमेकांना खेटून, दहा-बारा, पांढऱ्यावर गुलाबी झाक, आतल्या ओठासारख्या पाकळीवर तांबड्या-जांभळ्या रेषा आणि मधे थोडा पिवळा. पूर्ण उघडत नाहीत ती फुलं, अर्धवट मिटल्यासारखीच असतात. आत बघायला मला गाल जमिनीला टेकवावा लागला, तेव्हा खालून त्या रेषा दिसल्या. दांडा बुडाशी कंदातून बाजूने येतो, पानांच्या मधून येत नाही, हे पण नीट बघितलं. भाच्याने छत्री धरली आणि मी फोटो काढत गेले, चाळीसेक काढले असतील. आजूबाजूला शोधलं तर एकूण सात झाडं, त्यातल्या तिघांनाच फुलं. सरांना पण तीनच दिसली होती.

भाचा म्हणाला एक घेऊन जाऊ का सरांना कुंडीत लावून देऊ. त्याचा हेतू चांगला होता म्हणून रागावले नाही, बसवून सांगितलं. ऑर्किडचं बी धुळीसारखं असतं, एका बोंडात हजारोंनी, पण बियांत खाऊ भरून दिलेला नसतो जसा आपल्या हरभऱ्यात किंवा मक्यात असतो. मातीतली एक बुरशी त्या बीत शिरली आणि तिने अन्न पुरवलं तरच ते रुजतं. हे १८९९ साली नोएल बर्नार नावाच्या फ्रेंच तरुणाच्या लक्षात आलं, तोवर युरोपातले श्रीमंत लोक जगभरातून ऑर्किडं उपटून नेत होते आणि बी का उगवत नाही म्हणून हैराण होते. मोठं झाड पण त्या मातीला आणि त्या बुरशीला धरून असतं, कुंडीत नेलं तर कंदात साठवलेल्यावर एखाद-दोन वर्षं काढेल आणि मग संपेल. भाच्याने मान हलवली, मग बराच वेळ तिथली माती नुसती बघत बसला.

तिथे बसल्या बसल्याच दादांनी विचारलं, मग याचं नाव काय म्हणता ताई तुम्ही? मी सांगायला लागले आणि लक्षात आलं की हे एका वाक्यात सांगता येण्यासारखं नाही.

केरळात डच गव्हर्नर व्हान ऱ्हीडने तिथल्या वैद्यांना विचारून झाडांची चित्रं काढून घेतली होती, सतराव्या शतकात, त्यात हे 'बेला पोला' म्हणून आहे (आपल्या पोळ्याशी काही संबंध नाही). मग १७९२ मध्ये फ्रान्सच्या लामार्कने त्याला लिमोडोरम डेन्सिफ्लोरम म्हटलं, डेन्सिफ्लोरम म्हणजे दाट फुलांचं. आणि १७९५ मध्ये विल्यम रॉक्सबर्गने, जो कोरोमंडल किनाऱ्यावर राहून झाडं जिवंत बघत होता, त्याला लिमोडोरम नूटान्स म्हटलं. नूटान्स म्हणजे मान लववणारं. रॉक्सबर्गने झाड बघून नाव ठेवलं, आजींनी हात वाकवून दाखवलं तेच त्याने लॅटिनमध्ये लिहिलं. पण वनस्पतीशास्त्रात आधीचं नाव ते खरं असा नियम आहे, त्यामुळे तीन वर्षांनी नूटान्स हरलं. मला याचं खरंच वाईट वाटतं. दाट फुलांची ऑर्किडं शेकड्यांनी आहेत, डोकं असं खाली घालणारी किती?

जिओडोरम हा वंश १८११ चा, ग्रीकमध्ये त्याचा अर्थ जमिनीची भेट, आणि १९१९ मध्ये जर्मनीच्या श्लेख्टरने हे झाड त्यात नेऊन जिओडोरम डेन्सिफ्लोरम केलं. श्लेख्टरने आयुष्यभर जमवलेली ऑर्किडं बर्लिनच्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहात होती, ती १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात जळून गेली. नावं राहिली, वाळवलेली झाडं गेली. आणि आता अगदी अलीकडे डीएनए तपासून संशोधकांनी म्हटलंय की जिओडोरम हा वेगळा वंश नाहीच, तो युलोफिया या दुसऱ्या ऑर्किड वंशाचाच भाग आहे. पण युलोफियात डेन्सिफ्लोरा नाव आधीच दुसऱ्या झाडाला दिलेलं, म्हणून याचं नाव झालं युलोफिया पिक्टा, पिक्टा म्हणजे रंगवलेली, हे रॉबर्ट ब्राऊनने १८१० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या झाडाला दिलेलं नाव. हो, ऑस्ट्रेलिया, कारण हे एकच झाड भारतापासून पार ऑस्ट्रेलियापर्यंत आणि पॅसिफिकच्या बेटांपर्यंत पसरलेलं आहे. पण म्हणून ते आपल्याकडे भरपूर आहे असं होत नाही, तिकडे न्यू साउथ वेल्समध्येसुद्धा ते धोक्यात आलेल्या यादीत आहे. पसरलंय लांबवर आणि आहे मात्र मूठ मूठ, इथे सात, पुढच्या नाल्यात कदाचित एकही नाही.

दादांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "इतके नावं बदलले, झाडाले काही फरक पडला नाही ना." म्हटलं नाही दादा, झाडाला नाही.

दुपारी निघालो. गारबर्डीच्या धरणावर थोडं थांबलो, पाणी अजून वर यायचं होतं. घरी यायला रात्र झाली.

आणखी एक दिवस, पोळ्याच्या आधी

आजींनी हात सरळ करून दाखवला होता तो बघितल्याशिवाय मला चैन पडणार नव्हती, म्हणून पोळ्याच्या दोन दिवस आधी परत गेले, या वेळी एकटीच एसटीने, भाच्याची परीक्षा होती. सावद्याच्या बाजारात बैलांच्या झुली, गोंडे, रंगाचे डबे, नुसती गर्दी. पालला दादा वाट बघत उभे होते.

जंगल ओळखू येईना इतकं वाढलेलं. गवत कमरेच्या वर, साग फुलावर आलेला, वरून पांढरा भुगा पडावा तशी बारीक फुलं पडत होती. सातपैकी पाच झाडं दिसली, बाकी दोन उकरून गेलेली होती, खड्डे होते जागेवर. फुलं आलेल्या तिघांपैकी एकाचा दांडा कुणीतरी जनावराने खुडलेला, एकाला फळच धरलं नव्हतं, नुसता वाळलेला वाकडा दांडा. आणि तिसरा सरळ होता. ताठ, काडीसारखा, जुलैमध्ये पानांपेक्षा बुटका होता तो आता उंच झालेला, आणि त्यावर चार बोंडं. वळण कुठे होतं ते हाताने चाचपून बघितलं तरी कळेना. वाकलेल्या दांड्यातून बी पडलं असतं तर तिथेच बुडाशी सांडलं असतं, उभा झाला म्हणजे वारा लागणार आणि धूळ लांब जाणार. आजींना परत भेटून सांगितलं की बघितलं, तर त्या हसल्या आणि माझ्या हातात दोन भाजलेली कणसं दिली.

जळगावला आल्यावर दुसऱ्या दिवशी सरांकडे गेले. दोन्ही फोटो मोठे प्रिंट करून नेले होते, जुलैचा आणि आताचा. सरांनी चष्मा पुसला, जुलैचा बघितला, मग दुसरा कितीतरी वेळ हातात धरून बसले. बोंडं मोजली त्यांनी बोटाने. मग वही काढली, ते पान उघडलं आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. मी विचारलं, सर, खाली नवीन नाव लिहू का, युलोफिया पिक्टा? म्हणाले, "लिही की. पण वरचं खोडू नकोस हं."

मी नवीन नाव लिहिलं, तारीख घातली आणि चार बोंडं असं लिहिलं. कडेला थोडी जागा उरली होती तिथे सरांना विचारून नूटान्स पण लिहिलं, आणि सरांनी स्वतः त्याच्या शेजारी सरळ उभ्या दांड्याचं चित्र काढलं.